यू यू

कुत्र्याशी बोलायला आपल्याकडे तीन शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. यू यू, हाड आणि छू. पहिल्याने ते जवळ येतं, दुसऱ्याने लांब पळतं, तिसऱ्याने कुणाच्या तरी अंगावर जातं. बारामतीजवळची वस्ती असो की इंदापूरची बाजारपेठ, कुठल्याही कुत्र्यासमोर हे शब्द उच्चारून बघा, त्याला अर्थ सांगावा लागत नाही. "यू यू" या आवाजात तसं पाहिलं तर खाण्यासारखं काहीच नाही. पण घरातली आजी भाकरीचा तुकडा घेऊन दारात येते, "यूऽ यू यू" म्हणते आणि तुकडा टाकते. चार-सहा दिवसांत पिलाच्या डोक्यात त्या आवाजाची आणि भाकरीची गाठ बसते. मग पुढे कित्येक वर्षं, हातात भाकरी दिसत नसतानाही, ते दोन शेतं ओलांडून धावत येतं.

ही गाठ कशी बसते हे मला आमच्या खंड्यामुळे कळलं.

खंड्या दीड वर्षाचा. आई आमच्याच वस्तीवरची, बापाचा पत्ता नाही. पहाटे दूध न्यायला येणाऱ्या मोटारसायकलवर तो असा धावून जायचा की दूधवाल्याने एक दिवस किटली खाली ठेवली आणि सांगितलं, "याचं काहीतरी बघा, नाहीतर उद्यापासून दूध रस्त्यावर आणून द्या." तेव्हा आम्ही ट्रेनर शोधायला लागलो. पहिले गृहस्थ आले ते चोक चेन घेऊनच. चोक चेन म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी. खंड्या भुंकला की हिसका, पुढे झाला की हिसका. "कुत्रं म्हणजे लांडगाच," ते म्हणाले. "कळपाचा म्होरक्या कोण, हे त्याला एकदा दाखवावंच लागतं." चौथ्या दिवशी त्यांच्या गाडीचा आवाज आला आणि खंड्या ट्रॉलीखाली जाऊन बसला. मान जमिनीला टेकलेली, शेपूट पोटाखाली, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसतायत. ते म्हणाले, बघा, शांत झाला की नाही. मला ते शांत होणं वाटलं नाही. आम्ही त्यांना पुन्हा बोलावलं नाही.

पण ते लांडग्याचं वाक्य डोक्यातून जाईना, कारण लांडगा आमच्या शेजारीच राहतो. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळरानावर, बारामती तालुक्यात शिर्सुफळच्या बाजूला, आजही लांडग्यांची कुटुंबं आहेत. वन विभागाने त्याच भागात गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली आहे. उसाच्या हिरव्या पट्ट्याला चिकटून हे पिवळं माळ, त्यावर चिंकारा, खोकड, तरस, आणि मेंढरांच्या मागावर असलेला लांडगा. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झालेलं जनावरही जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे, इतकं या दोघांचं नातं जवळचं आहे. मग ट्रेनर म्हणतात तसा, हा लांडगा मारून-दाबून कळप चालवतो का?

या समजुतीचा उगम सापडला तेव्हा मी थक्क झालो. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या स्विस अभ्यासकाने १९४७ साली लांडग्यांवर एक मोठा लेख लिहिला. त्याने पाहिलेले लांडगे बाझलच्या प्राणिसंग्रहालयात होते, लहानशा कुंपणात एकत्र कोंडलेले. कोंडलेल्या जनावरांनी जागेसाठी, खाण्यासाठी भांडणं केली, आणि त्यावरून "म्होरक्या दाबतो, बाकीचे दबतात" असं चित्र तयार झालं. अमेरिकेचे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९७० च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात ते चित्र पुढे नेलं. मग हेच डेव्हिड मीच १९८६ पासून दर उन्हाळ्यात कॅनडाच्या अतिउत्तरेच्या एल्समिअर बेटावर रानटी लांडग्यांजवळ जाऊन राहू लागले. तिथे त्यांना काय दिसलं? आई, बाप आणि त्यांची मुलं. कळप म्हणजे घर. बाप पोटात मांस भरून आणतो, पिलं त्याच्या तोंडाला तोंड लावतात, तो त्यांच्यासमोर ते ओकून काढतो. म्होरक्या म्हणजे कर्ता बाप, एवढंच. १९९९ साली डेव्हिड मीच यांनी तसं स्पष्ट लिहिलं आणि आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. प्रकाशकाने ते थांबवलं २०२२ साली. ज्याने एक कल्पना जगभर नेली त्यानेच ती परत घ्यायला पुढची कित्येक वर्षं घालवली, आणि तरी ती आमच्या वस्तीवर चोक चेन होऊन आली. तीसुद्धा अशा ठिकाणी, जिथून थोड्याच अंतरावर खरी लांडगीण आपल्या पिलांना अंगावर पाजत असते.

दुसरा माणूस आम्हाला जनावरांच्या डॉक्टरांकडून मिळाला. इंदापूर तालुक्यातला तरुण पोरगा, मोटारसायकलवर आला, कमरेला एक छोटी पिशवी. पिशवीत उकडलेल्या कोंबडीचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे. साखळी नाही, काठी नाही. खंड्या लांबूनच गुरगुरला. पोरगा तिथेच, त्याच्याकडे पाठ करून, जमिनीवर बसला आणि माझ्याशी पावसाबद्दल बोलत राहिला. अधूनमधून एक तुकडा मागे टाकायचा. पंधरा-वीस मिनिटांनी खंड्याचं नाक त्याच्या कोपराला लागलं.

मग त्याने ओसरीवर एक गोणपाट पसरलं. मला म्हणाला, "काका, आता काही बोलू नका, फक्त बघा." खंड्याने सहज गोणपाटाकडे नजर टाकली. पोराने लगेच "हां!" म्हटलं आणि तुकडा दिला. खंड्या गोंधळला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पुन्हा गोणपाटाकडे बघितलं. "हां!" आणि तुकडा. आता पुढचा "हां" एक पाऊल टाकल्यावरच. मग एक पंजा गोणपाटावर पडल्यावर. मग दोन. मध्ये एकदा खंड्या थांबला, कान पुढे, भुवया वर, आणि पोराच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या क्षणी त्या जनावराच्या डोक्यात विचार चाललेला मला दिसला, याहून दुसरा शब्द माझ्याकडे नाही. मग त्याने चारही पाय गोणपाटावर ठेवले, गोल फिरला आणि आपणहून बसला. कुणी हात लावला नव्हता. कुणी "बस" म्हटलं नव्हतं. त्याने स्वतः शोधून काढलं होतं.

शिकवण्याची ही रीत सापडली ती पिठाच्या गिरणीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बी. एफ. स्किनर हे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत मिनियापोलिसला एका मोठ्या पीठगिरणीच्या वरच्या मजल्यावर कबुतरांवर काम करत होते. कबुतराने बॉम्बला दिशा दाखवावी अशी ती योजना होती. सरकारचा निर्णय येईपर्यंत हाताशी वेळ होता, म्हणून १९४३ मध्ये एके दिवशी त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी कबुतराला चेंडू ढकलायला शिकवायचं ठरवलं. वाट बघत बसले, पण कबुतर काही चेंडूला चोच मारेना. मग त्यांनी ठरवलं की नुसतं चेंडूकडे बघितलं तरी दाणा द्यायचा. मग चोच जवळ नेली तर. मग लागली तर. काही मिनिटांतच ते कबुतर चेंडू भिंतींवर आपटत खेळू लागलं. हाताने आकार देतो तसं वागणुकीला आकार देता येतो, हे त्यांना त्या दिवशी उमगलं. त्या दोन सहकाऱ्यांपैकी केलर ब्रेलँड आणि त्यांची पत्नी मॅरियन यांनी तेच पुढे कोंबड्या, डुकरं, कुत्री, डॉल्फिन यांच्यावर केलं. डॉल्फिनने हवेत उडी मारली त्या क्षणी त्याच्या तोंडात मासा कसा घालणार? म्हणून शिट्टी. शिट्टी म्हणजे "हेच, याच्यासाठीच मासा मिळणार". हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ च्या पुस्तकात ही रीत सामान्य वाचकांपुढे ठेवली, आणि पुढे शिट्टीच्या जागी टिकटिक करणारी लहानशी डबी कुत्रेवाल्यांच्या हातात आली. आमच्या पोराने डबी आणली नव्हती. त्याचा "हां" तेच काम करत होता.

तो "हां" मला कळला तो साखर कारखान्याच्या काट्यामुळे. ऊस घेऊन आपण भवानीनगरला किंवा माळेगावला गेलो की गाडी काट्यावर चढते आणि वजनाची पावती हातात पडते. पैसे नंतर येतात. पण पावती मिळाली की जीव भांड्यात पडतो, कारण कोणत्या खेपेचे पैसे येणार हे तिच्यावर पक्कं लिहिलेलं असतं. "हां" ही कुत्र्याची काट्याची पावती. तुकडा तोंडात पडायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात कुत्रं उठलेलं असतं, वळलेलं असतं, माशीकडे बघितलेलं असतं, आणि बक्षीस नक्की कशाचं हे त्याला कळत नाही. आवाज मात्र नेमका त्या घटकेला पोचतो. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत हे प्रत्यक्ष मोजलं. सुरुवातीला फळांच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामीन या मेंदूतल्या रसायनाच्या पेशी उसळायच्या. थेंबाआधी दरवेळी एक खूण दिली, तर काही दिवसांनी त्याच पेशी खुणेलाच उसळू लागल्या, रसाला नाही. आणि खूण देऊन रस चुकवला तर त्याच घटकेला त्या मंदावायच्या. पावती दिली की पैसे द्यायलाच हवेत, हा नियम मेंदूतही आहे.

"मग जन्मभर कोंबडी खाऊ घालत बसायचं का?" हा प्रश्न मी त्या पोराला विचारला, आणि ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली त्याने मला विचारला. लाच आधी दाखवतात, मजुरी काम झाल्यावर देतात. तुकडा नाकासमोर धरून "बस, बस" करत राहिलं तर ती लाच, आणि ते कुत्रं खरोखरच तुकड्याशिवाय बसणार नाही. बसल्यावर खिशातून तुकडा निघाला तर मजुरी. एकदा काम पक्कं झालं की ती मजुरी कधी तुकडा, कधी दोरीची ओढाओढी, कधी कानामागे खाजवणं अशी कुठल्याही रूपात चालते. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करतो, अगदी आपल्या गावातल्यासारख्या, कुणाच्याच नसलेल्या कुत्र्यांवर. त्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा येऊन भेटत राहिला, तर या कुत्र्यांचा विश्वास खाण्यापेक्षा डोक्यावरून फिरवलेल्या हाताने जास्त बसतो. ज्याला दिवसातून दहा वेळा "हाड" ऐकावं लागतं, त्याला हात हवा असतो.

शाब्बासकीही पुरते, पण मनापासून दिलेली. बुडापेस्टला अत्तिला अँडिच या अभ्यासकांनी १३ कुत्र्यांना मेंदूचा स्कॅन करणाऱ्या यंत्रात झोपवलं. बांधलं नव्हतं, भूल दिली नव्हती. यंत्राच्या त्या घरघराटात निश्चल पडून राहायला ती कुत्री बक्षिसांनीच शिकली होती, वाटलं तर उठून जायची त्यांना मोकळीक होती. कौतुकाचा शब्द सपाट आवाजात उच्चारला तर मेंदूचं बक्षिसाचं केंद्र जागं झालं नाही. कौतुकाच्या सुरात भलताच शब्द म्हटला तरी नाही. शब्द आणि सूर दोन्ही जुळले तेव्हाच ते उजळलं. ही गोष्ट २०१६ ची.

आता हिसक्याचं काय होतं तेही बघा. २०२० मध्ये पोर्तुगालच्या अभ्यासकांनी ९२ पाळीव कुत्री निवडली, काही बक्षिसाने शिकवणाऱ्या शाळांतली, काही ओरडा-हिसका वापरणाऱ्या. हिसकावाल्यांच्या लाळेत ताणाचं संप्रेरक शिकवणीनंतर वाढलेलं निघालं, जांभया आणि ओठ चाटणं जास्त. पण मला जास्त लागली ती पुढची गोष्ट. त्यांनी खोलीच्या एका बाजूला वाडगा ठेवला तर त्यात मांसाचा तुकडा असतो, दुसऱ्या बाजूला ठेवला तर रिकामा, हे कुत्र्यांना शिकवलं. मग वाडगा अधल्यामधल्या जागी ठेवला. असेल की नसेल? बक्षिसावर वाढलेली कुत्री लगबगीने गेली. ज्यांना सर्वांत जास्त हिसके बसायचे ती हळूहळू गेली, नसणारच असं धरून. शिकवणी संपली, साखळी निघाली, तरी जगाकडून फारशी अपेक्षा ठेवायची नाही हे त्यांच्या अंगात उरलं होतं.

आणि एक धोका तर सगळ्यांनी समजून घ्यावा. कुत्रं लेकराकडे बघून गुरगुरलं आणि तुम्ही साखळी ओढली, तर त्याला कळतं ते हे की हे लेकरू आलं की गळा आवळतो. लेकराबद्दलची भीती वाढली आणि गुरगुरायचीही चोरी झाली. पुढच्या वेळी ते इशारा न देता चावेल. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सूचना आहे, ती मोडून काढू नका, तिच्यामागचं कारण शोधा.

म्हणून ट्रेनर शोधायचा कसा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या देशात कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला कुठलाही परवाना लागत नाही. ज्याने पाटी लावली तो ट्रेनर. सुरुवात जनावरांच्या डॉक्टरांपासून करा, तीही दोन कारणांनी. कानात पू असेल, पंज्यात काटा असेल, अंग गोचिडांनी भरलेलं असेल तर कुत्रं हात लावला की अंगावर येणारच, त्याला ट्रेनर नको, औषध हवं. आणि दुसरं, बारामतीतल्या कुठल्या ट्रेनरची कुत्री दवाखान्यात मोकळ्या अंगाने येतात आणि कुणाची थरथरत येतात, हे डॉक्टर रोज डोळ्यांनी बघतात. त्यांना तेवढंच विचारा.

मग ट्रेनरला फोन केला की दोन प्रश्न. कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता? चुकलं तर काय करता? पहिल्याचं उत्तर लगेच यायला हवं, खाणं, खेळणं, कौतुक, काहीही. दुसऱ्यावर जो "थोडं वाजवावं लागतं", "एकदा झटका बसला की सुधारतं" म्हणेल, त्याचा फोन तिथेच ठेवा. चांगला ट्रेनर म्हणेल, चुकलं म्हणजे मी फार अवघड मागितलं, मी एक पायरी खाली येतो. तो दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला शिकवत असेल तेव्हा लांब उभं राहून बघा. शब्द ऐकू नका, शेपूट बघा. ट्रेनर येताना कुत्रं पुढे धावतं की मागे सरकतं, एवढ्याने बरंच काही कळतं. "महिनाभर माझ्याकडे ठेवा, तयार करून देतो, मध्ये भेटायला येऊ नका" असं सांगणाऱ्यापासून मी सगळ्यांना सावध करतो. बंद दाराआड काय चालतं हे कुत्रं घरी येऊन सांगू शकत नाही. शिवाय ते तिथे शिकतं त्या माणसाचं ऐकायला, आणि राहायचं असतं तुमच्याकडे. खरा शिकवणारा निम्मा वेळ तुम्हालाच शिकवतो. आमच्या पोराने तर पहिल्या दिवशी मला विचारलं, खंड्या दिवसातले किती तास साखळीला असतो, किती झोपतो, मोकळा कधी धावतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला मारणं हा गुन्हा आहेच, आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणंही त्यात येतं. आणि जवळपास कुणीच मिळालं नाही तर पुण्याच्या ट्रेनरकडून व्हिडिओ कॉलवर शिकता येतं. तुकडा तुमच्याच हातून जायचा असतो.

तुकडा कशाचा, याला मोठा खर्च नाही. उकडलेलं अंडं, पनीर, अळणी कोंबडी, घरची भाकरी. रश्श्यातला तुकडा नको, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. आणि आपल्या भागात मुद्दाम सांगायला हवं ते द्राक्षांचं. बारामती-इंदापूरच्या बागांतली द्राक्षं आणि त्यांचे मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, प्रेमाने एखादासुद्धा देऊ नका. उन्हाळ्यात शिकवणी दिवस उगवायच्या वेळी, पाच-पाच मिनिटं. दुपारच्या तापलेल्या मातीवर कुणाचंच डोकं चालत नाही.

राहिला तिसरा शब्द, छू. वस्तीवरच्या बंगल्यांना रॉटविलर, जर्मन शेफर्ड लागतात ते राखणीला, आणि लोकांना वाटतं की प्रेमाने शिकवलेलं कुत्रं राखण करणार नाही. त्यांनी झंजीरची गोष्ट ऐकावी. पुण्याच्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेला हा लॅब्रॅडॉर. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं, आणि शेकडो हातबॉम्बही. २००० साली तो गेला तेव्हा त्याला पोलिसी इतमामात निरोप दिला गेला. वासावर काम करणाऱ्या कुत्र्याला जगभर हीच मजुरी मिळते, सापडलं की चेंडू, सापडलं की खाऊ. धाक दाखवून कुत्र्याला पळवता येईल, पण हुंगायला लावता येणार नाही. नाक त्याने स्वतःच्या उत्साहाने चालवावं लागतं. आणि मेंढरांच्या वाड्यावर जाऊन बघा. धनगराच्या कुत्र्याचं पिलू कोकरांच्या उबेत झोपतं, त्यांच्यातच वाढतं, आणि रात्री लांडग्यासमोर उभं राहतं. त्याला छू म्हणायला कुणी जागं नसतं. जेजुरी आमच्यापासून फार लांब नाही, चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला वाटा इथे घरोघर कुत्र्याला वाढतात. ज्याच्यापुढे पान मांडायचं त्याचाच गळा आवळायचा, हे मला आता जमणार नाही.

दूधवाल्याचं काम पाच आठवडे चाललं. पहिल्या आठवड्यात मोटारसायकलचा आवाज लांब रस्त्यावर आला की मी "हां" म्हणून तुकडा द्यायचो, खंड्या भुंकायच्या आत. मग गाडी फाट्यावर. मग बांधावर. एकदा घाई केली, गाडी थेट दारात आली आणि दोन दिवसांचं काम वाया गेलं. पुन्हा बांधावर गेलो. चौथ्या आठवड्यात गाडीचा आवाज आला की खंड्या माझ्याकडे वळून बघू लागला, शेपूट हलवत. काल पहाटे मी गोठ्यात होतो, खिशात काही नव्हतं. गाडी थांबल्याचा आवाज आला, भुंकणं नाही. बाहेर येऊन बघतो तर दूधवाला किटली बाजूला ठेवून उकिडवा बसलेला, बिस्कीट मोडत होता, आणि फाटकातून हळूच म्हणत होता, "यू, यू यू."